परमुलखातील हुंडणावळ



आपल्या गावाचे नाव लिहिताना कंसात 'रेल्वे' हा शब्द घालावा लागतो, हे येथे बसलेल्या लहान मुलालाही ठाऊक आहे. तो शब्द राहून गेला, तर वर्ध्याला लागून असलेल्या सिंदी (मेघे) या गावी टपाल जाण्याचा संभव असतो. आणि पाठविणारा मात्र म्हणतो, 'मी तर पत्ता बरोबर लिहिला होता!' त्याचेही खरेच असते. त्याने चूक काहीच लिहिलेले नसते, केवळ एक शब्द राहिलेला असतो.

आज ज्या विषयावर मी बोलणार आहे, त्यातही असाच एका शब्दाचा प्रश्न आहे. परदेशात क्रेडिट कार्डाने पैसे देताना यंत्राच्या काचेवर एक छोटासा प्रश्न उमटतो: रक्कम कोणत्या चलनात घ्यावी? त्याचे उत्तर आपण घाईत, संकोचात, बहुधा मागे रांग उभी असताना देतो. त्या उत्तरावर आपला पैसा कोणत्या वाटेने जाणार, आणि वाटेत त्याला किती जकाती लागणार, हे ठरून जाते.

कोणी म्हणेल, सिंदीसारख्या गावात परदेशातील खर्चाची चर्चा कशाला? ही शंका तीस वर्षांपूर्वी रास्त ठरली असती. आज आपल्यापैकी कित्येकांची मुले पुणे-हैदराबादमार्गे अमेरिकेत, जर्मनीत, आखातात पोचली आहेत. नातवंडाचे तोंड पाहण्यासाठी आजी-आजोबा विमानात बसतात. कोणी हजला जातो, कोणी लुंबिनीला, कोणी श्रीलंकेतील वा थायलंडमधील विहारांच्या दर्शनाला. नागपूरच्या विमानतळावरून शारजा आणि दोहा येथे विमाने जाऊ लागल्यापासून तर परदेश म्हणजे मुंबईपलीकडचे काही, ही समजूतही मागे पडली. आणि जे कधीच कोठे जात नाहीत, तेही मुलाच्या परदेशी परीक्षेची फी घरबसल्या कार्डावर भरतात. त्यांनाही हाच आकार लागतो, हे पुढे सांगणार आहे.

एक स्वानुभव

प्रथम माझी फजिती सांगतो. मुलीकडे जाण्याचा योग आला तेव्हा आम्ही उभयता महिनाभर युरोपात होतो. एका भोजनगृहात बिल देताना वाढप्याने यंत्र पुढे केले. काचेवर दोन रकमा होत्या: एक युरोत, एक रुपयांत. परक्या मुलखात, परक्या लिपीच्या गर्दीत आपल्या रुपयाची खूण पाहून जीव सुखावला. आकडाही ओळखीचा, हिशेबाला सोपा. मी तत्काळ रुपयांवर बोट ठेवले आणि पत्नीला मोठ्या अभिमानाने म्हणालो, 'पाहा, आपल्या रुपयाला येथेही मान आहे.' पुढे महिनाभर मी जेथे जेथे हा प्रश्न आला, तेथे तेथे तो मान राखला.

घरी परतल्यावर बँकेचे विवरणपत्र आले. दीड लाखाच्या आसपास खर्च झाला होता, तो अपेक्षितच होता. परंतु निरनिराळ्या नावांखाली जादा गेलेली रक्कम जेव्हा मी वहीत वेगळी काढली, तेव्हा ती साडेसात हजारांच्या वर भरली. २०२५-२६ च्या हंगामात मध्यम धाग्याच्या कापसाचा सरकारी आधारभूत भाव क्विंटलला ७७१० रुपये होता. म्हणजे जवळजवळ एका क्विंटल कापसाचा चुकारा मी केवळ चुकीच्या जागी बोट ठेवून घालविला. कोणी फसविले म्हणावे, तर तसेही नाही. प्रत्येक वेळी मला विचारले गेले होते आणि प्रत्येक वेळी मीच होकार दिला होता. त्या दिवसापासून मी या विषयाच्या मागे लागलो.

बट्टा ही नवी गोष्ट नव्हे

एका नाण्याचे दुसरे नाणे करून घेताना काहीतरी कापले जाणार, हा अनुभव आपल्या पूर्वजांना चांगलाच परिचित होता. भोसल्यांच्या अमदानीत नागपूर भागात चालणारा रुपया आणि इंग्रजी कंपनीचा रुपया एक नव्हते. मोड करून घेताना बट्टा द्यावा लागे. दूरगावी पैसा धाडायचा, तर सराफाकडून हुंडी घ्यायची आणि तीवर हुंडणावळ मोजायची. सराफ धोका पत्करी, दोन्हीकडे पेढी राखी, म्हणून त्याला मोबदला मिळे. यात गैर काही नव्हते. प्रश्न एवढाच असे की हुंडणावळ किती, आणि ती आधी सांगितली की नंतर.

स्वातंत्र्यानंतर बराच काळ परकीय चलनाची इतकी टंचाई होती की १९६६ च्या अवमूल्यनानंतर कित्येक वर्षे परदेशी निघालेल्या सामान्य प्रवाशाला बरोबर नेण्यास अवघे आठ डॉलर मिळत. त्या काळी खर्च कसा वाचवावा, हा प्रश्नच उद्भवत नसे. खर्चायला काही नसेच. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या जगात निरनिराळ्या चलनांचे परस्पर दर कसे बांधावेत, हे ठरविण्यासाठी १९४४ च्या जुलैत अमेरिकेत ब्रेटन वूड्स येथे परिषद भरली होती. तीत हिंदुस्थानच्या शिष्टमंडळात चिंतामणराव देशमुख होते. सनदी नोकरीची प्रारंभीची वर्षे त्यांनी आपल्याच मध्य प्रांत-वऱ्हाडात काढली आणि १९४३ मध्ये ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. त्या परिषदेने बांधलेले दर १९७१ ते १९७३ च्या दरम्यान सुटले, आणि तेव्हापासून प्रमुख चलनांचे भाव बाजारात रोज, नव्हे क्षणोक्षणी, हलत असतात. आज डॉलरचा भाव वेगळा, उद्या वेगळा, हे त्याचे कारण.

कार्डाचा जन्म याच काळातला. न्यूयॉर्कमध्ये १९५० साली डायनर्स क्लबचे कार्ड निघाले, ते भोजनगृहातील बिलांसाठी. १९५८ मध्ये बँक ऑफ अमेरिकेने कॅलिफोर्नियात आपले कार्ड काढले. त्यालाच १९७६ मध्ये 'व्हिसा' हे नाव मिळाले. आपल्याकडे १९८० मध्ये सेंट्रल बँक ऑफ इंडियाने 'सेंट्रल कार्ड' काढले. हुंडीचा कागद जाऊन प्लॅस्टिकचा तुकडा आला. हुंडणावळ मात्र गेली नाही. ती दिसेनाशी झाली, इतकेच.

पैसा कोणाकोणाच्या हातून जातो

समजा, आपण परदेशातील दुकानात शंभर डॉलरची वस्तू घेतली. दुकानदाराची एक बँक असते. तिने त्याला यंत्र दिलेले असते. ती बँक हा व्यवहार व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रूपे अशा एखाद्या कार्डसंस्थेकडे पाठविते. ती संस्था डॉलरचे रुपये करते आणि आपल्याला कार्ड देणाऱ्या बँकेला कळविते. आपली बँक ती रक्कम आपल्या नावे मांडते. असे हे चार हात आहेत.

यांतील कार्डसंस्थेचा दर बहुधा घाऊक बाजाराच्या जवळपास असतो आणि तो त्या संस्थेच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतो. जादा आकाराचा मोठा भाग त्या दरात नसून, आपली बँक त्यावर जी भर घालते तीत असतो. या भरीला बँकांच्या भाषेत 'मार्कअप' म्हणतात. अनेक सर्वसाधारण कार्डांवर ती साडेतीन टक्के असते. त्या भरीवर पुन्हा १८ टक्के वस्तू व सेवा कर लागतो. साडेतीनचे अठरा टक्के म्हणजे ०.६३, एकूण ४.१३ टक्के.

हिशेबाच्या सोयीसाठी डॉलर नव्वद रुपयांचा धरू. शंभर डॉलरचे झाले ९००० रुपये. त्यावर भर ३१५ रुपये, भरीवर कर ५६ रुपये ७० पैसे. आपल्या नावे पडले ९३७१ रुपये ७० पैसे. दुकानाच्या पावतीवर या ३७१ रुपयांचा मागमूस नसतो. ते महिनाअखेरीस, विवरणपत्राच्या कोपऱ्यात, बारीक अक्षरांत भेटतात.

आणखी एक बारकावा ध्यानात ठेवावा. रुपयांत रूपांतर होते ते खरेदीच्या क्षणीच्या दराने नव्हे. व्यवहार प्रत्यक्ष हिशेबात येतो त्या दिवसाच्या दराने. म्हणून वस्तू परत केली, तर परतीची रक्कम मूळ रकमेइतकीच येईल अशी खात्री नसते. दर बदललेला असतो, आणि घेतलेली भर बहुधा परत मिळत नाही.

रुपयाची भूल

आता मी ज्या खड्ड्यात पडलो त्याकडे येतो. दुकानातील यंत्र आपले कार्ड भारतीय आहे हे ओळखते आणि रक्कम तेथल्या तेथे रुपयांत दाखविते. असे केले म्हणजे रूपांतर कार्डसंस्थेऐवजी दुकानदाराची बँक किंवा तिचा मध्यस्थ करतो, आणि दर तो आपल्या मर्जीने लावतो. या दरात कित्येक टक्क्यांची भर मिसळलेली असते. दुकानदारालाही त्यातून वाटा मिळू शकतो. म्हणूनच काही ठिकाणी हा पर्याय मोठ्या अगत्याने पुढे केला जातो.

पाच टक्के चढा दर धरला, तर वरील ९००० चे ९४५० झाले. येथे भोळा माणूस म्हणतो, 'असू दे. निदान माझ्या बँकेची भर तरी वाचली.' तेही पूर्ण खरे नाही. दुकान परदेशात नोंदलेले असल्यामुळे, रक्कम रुपयांत असली तरी अनेक भारतीय बँका अशा व्यवहारावर एक टक्क्याच्या आसपास निराळा आकार लावतात. ९४५० वर एक टक्का साडेचौऱ्याण्णव रुपये, त्यावर कर १७ रुपये. बेरीज गेली ९५६१ रुपयांच्या पुढे. डॉलर निवडले असते तर ९३७१. रुपये निवडले म्हणून ९५६१. आणि ज्याचे कार्ड कमी भरीचे असते, त्याचे नुकसान याहूनही अधिक, कारण त्याने तर हाती असलेला स्वस्त मार्ग सोडून महाग मार्ग धरला.

हा पर्याय घ्यावा की न घ्यावा, हे विचारणे कार्डसंस्थांच्या नियमांनुसार दुकानदारावर बंधनकारक आहे. नकार देण्याचा हक्क आपला आहे. पुष्कळांना वाटते की रूपांतर नाकारले, तर व्यवहारच रद्द होईल. विशेषतः रोख पैसे देणाऱ्या यंत्रावर 'नाकारा' या अर्थाचा इंग्रजी शब्द आला की बोट थबकते. वस्तुतः तेथे नकार असतो तो त्यांच्या दराला. आपल्या पैशाला नव्हे. नाकारल्यावर पैसे स्थानिक चलनात मिळतात आणि रूपांतर आपल्या कार्डसंस्थेच्या दराने होते.

कधी दुकानदार स्वतःच घाईने रुपये निवडून मोकळा होतो. म्हणून पावती हातात आल्यावर, दुकान सोडण्यापूर्वी, तिच्यावर चलन कोणते आहे ते पाहावे. रुपये दिसले, तर व्यवहार रद्द करून पुन्हा स्थानिक चलनात करण्यास शांतपणे सांगावे. दुकानाच्या उंबरठ्याच्या आत हे सहज होते. बाहेर पडल्यावर ते पत्रव्यवहाराचे काम होऊन बसते.

सर्वांत महाग गोष्ट: रोकड

क्रेडिट कार्डाने परदेशात रोकड काढणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर विकत घेणे होय. येथे एकावर एक आकार चढतात. दोनशे डॉलर काढले असे धरू, म्हणजे १८००० रुपये. रोकड काढण्याचा आकार अनेक बँकांत अडीच टक्के, पण किमान ५०० रुपये असतो; येथे अडीच टक्के ४५० होतात, म्हणून ५०० लागतील. त्यावर कर ९० रुपये. चलनाची भर साडेतीन टक्के, म्हणजे ६३० रुपये. कर ११३ रुपये ४० पैसे. शिवाय खरेदीला मिळते तशी बिनव्याजी मुदत रोकडीला नसते. काढल्या दिवसापासून व्याज सुरू होते. दरमहा साडेतीन टक्के व्याज धरले, तर महिन्याचे ६३० रुपये, आणि त्यावरही कर ११३ रुपये ४० पैसे. सर्व मिळून २०७६ रुपये ८० पैसे, म्हणजे साडेअकरा टक्क्यांहून अधिक. ज्या बँकेचे यंत्र असते तिचा आकार निराळाच. थायलंडमध्ये परदेशी कार्डाला एका खेपेस दोनशे बाहतांहून जास्त मोजावे लागतात. गावच्या सावकाराला आपण कठोर म्हणत आलो. पण तो निदान समोर बसून व्याज सांगत असे.

तेव्हा रोकड लागणारच, हे गृहीत धरून तिची तजवीज निघण्यापूर्वी करावी. अधिकृत चलन-विक्रेत्याकडून एका प्रवासासाठी सामान्यतः तीन हजार डॉलरपर्यंतच्या परकीय नोटा बरोबर नेता येतात. परत आल्यावर उरलेले चलन १८० दिवसांच्या आत बँकेत वा अधिकृत विक्रेत्याकडे वटवावे; दोन हजार डॉलरपर्यंतच्या नोटा पुढील प्रवासासाठी जवळ ठेवण्यास मुभा आहे. विमानतळावरील खिडकीवर चलन घेणे शक्य तो टाळावे, कारण गरजवंताला तेथील दर बहुधा महाग पडतो.

घरी बसल्या लागणारा आकार

जे प्रवासाला जात नाहीत त्यांच्यासाठी दोन शब्द. मुलाने परदेशी विद्यापीठाला अर्ज केला, त्याची फी डॉलरमध्ये भरली, की तीच साडेतीन टक्क्यांची भर लागते. अर्ज आठ-दहा ठिकाणी केले, तर ती आठ-दहा वेळा लागते. एवढेच नव्हे, काही परदेशी संकेतस्थळे किंमत रुपयांत दाखवितात, आणि आपण समजतो की विक्रेता भारतात आहे. बँक पाहते ती पडद्यावरची खूण नव्हे, तर विक्रेत्याची नोंदणी कोठे झाली आहे ते. नोंदणी परदेशातील असेल, तर रुपयांतील व्यवहारावरही तो एक टक्क्याचा आकार येऊ शकतो. विमानाची तिकिटे, निवासाचे आरक्षण यांसाठी भारतात नोंदलेला विक्रेता भाव सारखाच देत असेल, तर त्याच्याकडून घेणे हिताचे.

मग मार्ग कोणते?

पहिला मार्ग, कमी भरीचे कार्ड. काही कार्डांवर भर दोन टक्क्यांच्या आसपास असते, काहींवर मुळीच नसते. दीड लाखाच्या खर्चावर साडेतीन टक्के भर व कर मिळून ६१९५ रुपये होतात; दोन टक्क्यांच्या कार्डावर ३५४०; भर नसलेल्या कार्डावर शून्य. मात्र ज्या कार्डाची वार्षिक वर्गणी पाच हजार आहे, ते दहा वर्षांतून एकदा परदेशी जाणाऱ्याने घेणे म्हणजे एका पोत्यासाठी कोठार बांधणे होय. वर्गणी आणि बचत यांची वजाबाकी प्रत्येकाने आपापली करावी.

दुसरा मार्ग, आधी पैसे भरून ठेवायचे प्रवासी कार्ड. यात निघण्यापूर्वीच त्या देशाचे चलन भरले जाते, म्हणून दराची चढउतार छळत नाही. चलन घेताना लागणारा वस्तू व सेवा कर अल्प असतो: एक लाखापर्यंतच्या रकमेवर तिच्या एक टक्क्याला मूल्य मानून त्यावर १८ टक्के, म्हणजे लाखाला १८० रुपये आणि कमीत कमी ४५. मात्र विक्रेत्याने लावलेला दर बाजाराच्या दरापेक्षा किती चढा आहे, हे दोन-तीन ठिकाणी विचारून पाहावे. नफा त्या दरात दडलेला असतो. डॉलर भरलेले कार्ड युरोच्या देशात चालविले, तर पुन्हा रूपांतराचा आकार लागतो. उरलेले पैसे परत करताना दर उतरता मिळतो. म्हणून भरताना हिशेबाने भरावे.

येथे एक सरकारी बाब समजून घेणे अवश्य आहे. चलनाची खरेदी व प्रवासी कार्ड ही रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेत मोजली जातात. एका आर्थिक वर्षात या वाटेने गेलेली रक्कम ठरावीक मर्यादेपलीकडे गेली, की प्रवासखर्चावर २० टक्के कर आगाऊ कापला जातो. ही मर्यादा १ एप्रिल २०२५ पासून सात लाखांवरून दहा लाख करण्यात आली. हा आकार नव्हे; प्राप्तिकराच्या विवरणात तो जमेस धरता येतो. परदेशात असताना क्रेडिट कार्डाने केलेला खर्च या योजनेत आणण्याचे २०२३ च्या मे महिन्यात ठरले होते. पण २८ जून २०२३ रोजी ती अंमलबजावणी पुढे ढकलण्यात आली. असे नियम बदलतात, म्हणून निघण्यापूर्वी बँकेत चौकशी करावी.

तिसरा मार्ग, आपल्या फोनमधील यूपीआय. २०२१ मध्ये भूतानमध्ये, आणि २०२४ मध्ये फ्रान्समधील आयफेल टॉवर, श्रीलंका, मॉरिशस व नेपाळ येथे तो काही ठिकाणी चालू झाला. सोय चांगली आहे. पण ती सर्व दुकानांत नाही, आणि रूपांतराचा आकार तेथेही असू शकतो. त्यावर सर्वस्वी विसंबू नये.

घरून निघण्यापूर्वी

आपल्याकडील कापूस विकणारा शहाणा शेतकरी गाडी खाली करण्यापूर्वी विचारतो: भाव काय, तोलाई किती, हमाली किती, चुकारा कधी? गाडी उलटली की बोलणे संपले. कार्डाचेही असेच आहे. परदेशातील दुकानात उभे राहून घासाघीस करण्याची ती वेळ नव्हे. गाडी तेथे उलटलेली असते. विचारायचे ते येथे, सिंदीत, आपल्या ओट्यावर बसून.

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार प्रत्येक कार्डाबरोबर 'सर्वांत महत्त्वाच्या अटी व शर्ती' असा कागद देणे बँकेवर बंधनकारक आहे. तो काढावा आणि त्यात चार आकडे शोधावेत: चलनाची भर किती, परदेशातील रुपयांच्या व्यवहारावर आकार किती, रोकड काढण्याचा आकार किती, आणि व्याज किती. हे आकडे वहीच्या एका पानावर मांडावेत. घरात दोन कार्डे असतील, तर कोणते न्यायचे आणि कोणते कपाटात ठेवायचे, याचा निकाल तेथेच लागतो.

दुसरे, जानेवारी २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने काढलेल्या परिपत्रकानुसार नवीन कार्ड परदेशी व्यवहारांसाठी मुळात बंद असते. ते बँकेच्या ॲपमधून किंवा शाखेत जाऊन उघडावे लागते. खर्चाची मर्यादाही तेथेच घालून घ्यावी, आणि परत आल्यावर तो दरवाजा पुन्हा लावून टाकावा.

तिसरे, निघण्यापूर्वी कार्डाची मागील बाकी पूर्ण फेडावी. 'किमान देय' एवढेच भरले, तर नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदत जाते, आणि परदेशातील पहिल्या चहापासून व्याज चालू होते. ज्याची बाकी थकलेली आहे त्याने शून्य भरीचे कार्ड नेले, तरी त्याची बचत व्याजात बुडते.

चौथे, पावत्या जपाव्यात आणि परतल्यावर विवरणपत्राशी ताडून पाहाव्यात. आकार चुकीचा वाटला, तर प्रथम बँकेकडे लेखी तक्रार करावी. तीस दिवसांत उत्तर न आले किंवा ते पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे दाद मागता येते. त्यासाठी शुल्क लागत नाही. परंतु जो आकार आपण स्वतः मान्य केला, त्यासाठी लोकपालही काही करू शकत नाही.

बँकांनी हा आकार घ्यावाच का, असे कोणी विचारील. चलनाच्या व्यवहारात त्यांनाही खर्च व धोका असतो, हे मान्य केले पाहिजे. पण ज्या अर्थी काही कार्डांवर हाच आकार शून्य आहे, त्या अर्थी तो ईश्वरी नियम नव्हे. तो एक भाव आहे, आणि भाव म्हटला की गिऱ्हाइकाने तो विचारावा.

एका आजींचा प्रश्न

व्याख्यान संपल्यावर एका वृद्ध भगिनीने उठून विचारले, 'गुरुजी, मला इंग्रजी येत नाही. मुलगा दुकानात माझ्यासोबत नसला, तर मी त्या यंत्रावर काय पाहायचे?' त्या प्रश्नाने माझ्या व्याख्यानातील उणीव दाखविली. तिचे उत्तर येथे देतो.

आजी, आपल्या रुपयाची खूण आपण सर्वांनी नोटेवर पाहिली आहे. १५ जुलै २०१० रोजी सरकारने ती स्वीकारली. ती आपल्या देवनागरी 'र'वरूनच घेतलेली आहे, वर दोन आडव्या रेघा. ती ओळखण्यासाठी इंग्रजी लागत नाही. घरी त्या 'र'वर नेहमी हात ठेवावा. परदेशातील यंत्रावर मात्र त्याला हात लावू नये, त्याच्या शेजारची दुसरी खूण दाबावी. आणि तरीही दुकानदार न ऐकेल, तर 'लोकल करन्सी' हे दोन शब्द म्हणावेत. कोणत्याही देशातील दुकानदाराला ते समजतात.

आजींनी ते दोन शब्द सभेतच तीनदा म्हणून पाहिले, आणि पिशवीतल्या कागदावर नातीकडून मराठीत लिहून घेतले. पुढच्या महिन्यात त्या लेकाकडे निघणार होत्या. माझ्या तासाभराच्या भाषणातील घेऊन जाण्याजोगे जे होते, ते त्या कागदावर मावले. ज्यांना प्रवासाला निघायचे आहे, त्यांनी तसाच एक कागद कार्डाच्या मागे ठेवावा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.